शेळीच्या जखमेतली लाळ

देवपूर, १८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रयोगशाळेचा अहवाल आला. सोनगीरच्या अक्काची जी शेळी मेली होती, तिच्या जखमेतली लाळ कुत्र्याची निघाली. बिबट्याचा डीएनए नाहीच.

लाळ टिपलेला कापसाचा बोळा लगेच तपासणीला पाठवायचा सोडून मी आठ दिवस घरच्या फ्रिजमध्ये ठेवला होता. दिवाळी होती म्हणून? की माझी खात्रीच होती म्हणून? बांधावर बिबट्याच्या मादीचे ठसे होते. वनखात्याने बिबट्यांची अभ्यासक म्हणून माझं मत विचारलं आणि मी सांगून टाकलं, तीच आहे, अहवालासाठी थांबायला नको. पिंजरा लागला, मादी अडकली, तिला लांब नेऊन सोडलं.

अक्का तेव्हाच शेळीच्या मागच्या पायावरचे चावे दाखवत म्हणाली होती, "ताई, हाई काम कुत्रासनं शे. तुम्ही पुस्तकवाल्या, मी बकरीवाली!" मी हसले. आणि तो बोळा आठ दिवस लोणच्याच्या बरणीमागे.

आज फोन करून तिला सगळं सांगितलं. वाटलं, चांगला टोमणा मारेल. तिने एवढंच विचारलं, "मंग ती आते कोठे शे?"

मला माहीत नाही. कुठल्या जंगलात सोडली, हे मी विचारलंच नव्हतं.