गार भाकरीचा तास

अप्पा, तुम्हाला गार भाकरी चालायची नाही. तव्यावरची थेट ताटात पडली नाही, तर तुम्ही ताट सारायचात. पण दातांच्या चिनी डॉक्टरची मुलगी संध्याकाळी इंग्रजी शिकायला आली, की तुमची भाकरी गार होऊन कडक व्हायची आणि तुम्हाला पत्ताही नसायचा. माझ्याच वयाची होती ती. पुढे कलकत्त्याच्या शाळेत जायचं होतं, म्हणून नंदुरबारातल्या इंग्रजीच्या मास्तरांकडे, म्हणजे तुमच्याकडे, यायची. मी स्वयंपाकघराच्या दाराआड चुलीशी बसून जळत असते, लाकडांपेक्षा जास्त.

तुम्ही सांगता आहात, 'नेव्हर' वाक्याच्या तोंडी आलं, की क्रियापदानं कर्त्याच्या पुढे जायचं. ती म्हणते, आमच्या भाषेत प्रश्न विचारतानासुद्धा शब्द जागा सोडत नाहीत. किती खूश होता तुम्ही! मग प्रकाशा गावाजवळच्या तापी नदीवर वाक्य करायला लावता. "नेव्हर हॅव आय सीन सच अ रिव्हर." ते माझ्या ओठांवर तिच्या आधी तयार असतं. शेवटी मायच बोलली, "घरमा आपली बी पोर शे. तिले बी शिकाडा." वहीतून डोकं वर न काढता तुम्ही म्हणालात, "ती ते घरनीच शे. तिले कव्हय बी शिकाडसू." ते 'कव्हय बी', ते 'केव्हाही', कधीच आलं नाही.

बासष्टच्या लढाईत लोक त्यांच्या दवाखान्याकडे वाकड्या नजरेनं बघायला लागले, आणि एका सकाळी दाराला कुलूप दिसलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? काही महिन्यांनी तिचं पत्र आलं तेव्हा तुम्ही शाळेत होतात. पाकिटावर तुमचं नाव तिच्या अक्षरात पाहिलं आणि मी ते न फोडताच ज्वारीच्या कोठीमागे सारलं. तुम्ही मात्र पोस्टमन दिसला की विचारायचात, "मन्हं काही शे का?" पार शेवटच्या आजारापर्यंत.

तुमच्या तेराव्यानंतर ते फोडलं. सगळं इंग्रजीत, आणि मला सगळं समजलं. शेवटी लिहिलं होतं, 'सर, तुमची मुलगी दाराआडून माझ्या आधी उत्तरं पुटपुटायची. माझा तास आता तिला द्या.'

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मी तिच्या त्याच पाकिटात घालते आहे. तिला उत्तर लिहावं, असं पुष्कळदा मनात आलं. नाही लिहिलं. तिचं अक्षर फार सुंदर आहे, अप्पा. मला ते अजून बघवत नाही.