रेडिओला हुंकारा

कुरखेडा, रविवार, १९५६

शाळेत ठेवलेला पंचायतीचा रेडिओ आज दिवसभर बोलतच होता. बातम्या, शेतीचा सल्ला, श्रुतिका, शेवटी तापावर डॉक्टरांचं भाषण. इकडे कोणी सांगत असलं की ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा, नाहीतर सांगणाऱ्याचा अपमान. म्हणून म्हातारे बिसनभाऊ वाक्यावाक्याला "हं" म्हणत होते. मला हसू येत होतं. का आलं?

भाषण संपल्यावर ते रेडिओलाच म्हणाले, "आता माहं आयका. नात तापानं फणफणून राह्यली. नदीले पूर हाय. दवाखान्यात नेऊ कसा?"

"भाऊ, त्याला ऐकू येत नाही."

"माहीत हाय मले. मास्तर, तुमाले तं येते ना?"

पूर मी कसा उतरवू? ते सांगत राहिले. मी नुसता "हं" म्हणत राहिलो.