पहिल्या खोलीचा राखणदार

डिचोली,
४ ऑक्टोबर १९८७

ती. गं. भा. चंद्रावती आत्यास,
गौरवीचा शि. सा. न. वि. वि.

राखणदाराचे वय किती धरायचे? घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा माझी ओळख करून देतात, पण हे काही मला सांगता येत नाही. तुला ठाऊक असेल म्हणून विचारते.

आमच्या सोसायटीच्या नव्या वसाहतीचा आराखडा माझ्याकडे आहे हे तू जाणतेस. कडेला स्वतंत्र घरे, मग बैठ्या घरांची ओळ, मागे तीन मजली इमारत, आणि या सगळ्यांच्या मधोमध वयस्कांसाठी बारा खोल्या. लागून दवाखाना, वाचनालय, मुलांचे मैदान. म्हातारी माणसे गावाबाहेर नकोत, पोरांच्या गोंगाटात हवीत, हा माझा हट्ट. पण सरकारी कचेरीची अट अशी, की ३१ ऑक्टोबरपर्यंत साठीच्या पुढच्या आठ जणांचे अर्ज आले नाहीत तर खोल्या रद्द, आणि त्या जागी खाणीचे ट्रक उभे राहणार. आजवर एकही अर्ज नाही. जो तो म्हणतो, मुलगे असताना तिथे राहिलो तर लोक म्हणतील घरातून काढले.

शेवटी अध्यक्ष शंभूकाकांनी देवळात कौल लावला. पहिली खोली कुणाची, असे विचारायचे मीच सुचवले. गुरवाने गावातल्या एकेका म्हाताऱ्याचे नाव घेतले, देवाला लावलेली पाकळी हलेना. दुपार टळली. कंटाळून त्याने गावाची शीव राखणाऱ्या, कधी कुणाला न दिसलेल्या राखणदार देवाचे नाव घेतले आणि होकाराची उजवी पाकळी पडली. कौल मोडायची छाती कुणाची? अर्ज क्रमांक एक आता त्याचा, आणि त्यात वयाचा रकाना आहे.

चौथी खोली मी तुला डोळ्यांसमोर ठेवून काढली आहे. उजेडासाठी जनेल पूर्वेला, ओटा बुटका. एवढे वाचून रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
गौरवी


हरमल,
९ ऑक्टोबर १९८७

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पणजोबांच्या आजोबांनी त्याला वहाणा वाहिल्याचे मी ऐकले आहे. तेव्हा दोनशेच्या खाली तो नसणार. पण सरकार माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसवते, त्याला दोनशे पटायचे नाहीत. साठ लिही. कमी वाटले तर तो सांगेल.

उंबऱ्याशी त्याच्या वहाणांना जागा ठेव बाये. हातभर लांब असतात, तुमच्या फळीवर मावणार नाहीत. रोज शीव फिरून यायचा, तेव्हा कुलूप लावू नका. आणि त्याच्या नैवेद्याची सोऱ्याची बाटली वाचनालयात ठेवू नका, वाचणारेच संपवतील.

चौथ्या खोलीचे म्हणशील तर नको. तुझ्या बाबाने, अनंताने, विधवा बहिणीला टाकली असे पेडण्यापासून ऐकू येईल. मी भाड्याने दिलेल्या खोलीत एक परदेशी गोरा आहे. रोज सकाळी दारापुढच्या बाल्कांवात डोक्यावर उभा राहतो. पोदेर पाव घेऊन आला की त्याच्या पायांनाच किती पाव हवे ते विचारतो. मला सोबत पुष्कळ आहे.

तुझे भले इच्छिणारी,
आत्या


डिचोली,
१७ ऑक्टोबर १९८७

ती. गं. भा. आत्यास,
गौरवीचा शि. सा. न. वि. वि.

साठ लिहिले. अर्ज परत आला. कागदावर ‘केंद्रशासित प्रदेश’ पेनने खोडून ‘राज्य’ लिहिले होते, आणि खाली शेरा, की अर्जदार पायऱ्या चढू शकतो का, याचा डॉक्टरी दाखला जोडावा. आमच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्याला वाहिलेल्या वहाणा देवळातून मागवल्या. झिजलेले तळवे उजेडात धरून पाहिले आणि लिहिले, की चाल उत्तम, डाव्या पायावर भार किंचित जास्त. कचेरीने ते मान्य केले.

पण आत्या, खरी गंमत पुढेच. राखणदार राहायला येणार म्हटल्यावर गाव फिरले. सगुणमामांनी बत्तीस वर्षे खाणीचा ट्रक हाकला. ते येऊन म्हणाले, की मला कुणी काढलेले नाही, तो एकटा पडेल म्हणून मी जातो. त्यांच्यामागून पार्वतीवहिनी, आणि मग आणखी चौघे. त्याच्यासकट सात झाले. त्याच्या शेजारची खोली कुणाची यावरून भांडणेही लागली, आणि तो बैठकीला येत नाही अशी एक लेखी तक्रार माझ्याकडे आली आहे.

आता अडले आहे ते शेवटच्या रकान्यावर. जवळच्या नातेवाइकाची सही, आणि अर्जदार आजारी पडल्यास त्याला कोठे नेणार ते. राखणदारासाठी सही करायला कुणी धजत नाही. शंभूकाका रोज छत्तीस चलनांवर सह्या करतात, त्यांनी पेन घरी विसरल्याचे सांगितले. त्याचे नाव गेले तर बाकीचे सहाही जातील. आणि आठवे माणूस अजून नाहीच.

तू काही सुचव. सुचले नाही तर नुसती आठवण ठेव.

तुझी,
गौरवी


हरमल,
२४ ऑक्टोबर १९८७

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीचे फोव पाच तऱ्हांचे केले आणि एकटीने खाल्ले. अनंता न्यायला आला होता, मीच नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाय घसरला. गोऱ्याने मला उचलून घरात आणले. वाटेत मी त्याला तीनदा बजावले, की खाली ठेव, शेजारी बघतात. त्याला कळले नाही ते बरे झाले, कारण मला उभे राहता येत नव्हते. आता काठीने चालते. बाबाला सांगू नकोस.

तुझा तो शेवटचा रकाना मी पुन्हा पुन्हा वाचला. लाज मला लोकांची नव्हती बाये, या रकान्याची होती. अनंता सही करील, पण उसने आणलेले भांडे परत न्यायचे असल्यासारखी करील. आणि माणूस आजारी पडले की तिथून उचलून न्यायचे असेल, तर त्याला घर कशाला म्हणायचे? खानावळ म्हणा.

पहिल्या खोलीवाल्याला सही करणारे माणूस मिळाले तर मला कळव. मग माझे नाव कुठे लिहायचे ते तू जाणतेस. पण मिळणार नाही असेच मला वाटते.

फराळ गोऱ्याच्या हाती पाठवला असता, पण तो उलटा धरील.

तुझी,
आत्या


डिचोली,
३० ऑक्टोबर १९८७

ती. गं. भा. आत्यास,
गौरवीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र कचेरीच्या बाकावर बसून वाचले आणि तिथेच अर्ज मांडीवर घेतला.

अर्ज एक. नातेवाईक: गौरवी. नाते: गावची मुलगी. बघून शंभूकाकांनी हात जोडले, मला की त्याला ते कळले नाही. अर्ज आठ, तुझा. नातेवाईक: गौरवी. नाते: भाची. आजारी पडल्यास कोठे नेणार, या ओळीवर मी दोन्ही अर्जांत एकच लिहिले, ‘कोठेही नाही. इथेच.’ कारकुनाने असे चालत नाही म्हटले. मी म्हटले, पहिल्या अर्जदाराला तुम्ही स्वतः विचारून घ्या. त्याने दाराकडे पाहिले आणि शिक्का मारला.

आठही अर्ज आत गेले आहेत, पोच माझ्याकडे आहे. चर्मकाराकडे यंदा वहाणांचे दोन जोड सांगितले, एक हातभर लांब आणि दुसरा तुझ्या मापाचा, घसरू नये असा. विहिरीचे बाबांना सांगितले आहे. या वेळी नाही म्हणू नकोस. ते ट्रंक न्यायला टेम्पो घेऊन सकाळीच निघाले, आणि या पत्राच्या आधी तुझ्या दारात पोचतील.

तुझी,
गौरवी