थोरली, नवी आणि दहापैकी मार्क

२ मार्च, सोमवार
आज दारात नवी पिकअप आली. पांढरी, चकचकीत, पुढे लाल रिबीन. धाकटीने मला न विचारता आणली. तीन वेळा विचारलं होतं म्हणे. तिन्ही वेळा मी नको म्हणाले, म्हणून चौथ्यांदा विचारलं नाही.

गाडीबरोबर ही डायरी फुकट मिळाली. गाडी खपवायला डायरी फुकट द्यावी लागते, म्हणजे गाडीत खोट असणारच. पण कागद चांगला आहे, वाया का घालवा?

आपली जुनी पिकअप सव्वीस वर्षांची. तिच्यानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. म्हणून गाडी थोरली आणि मुलगी धाकटी. लॉन्ड्री काढली तेव्हापासून कपड्यांचे गठ्ठे थोरलीच वाहते, आणि स्टेअरिंगवर मी. यांना गाडी येत नाही. हे सायकलसुद्धा उतरून वळवतात.

धाकटीशी ठरलं. पंधरा दिवस दोन्ही गाड्या चालवायच्या. साधेपणा, आराम, भरवसा, तिन्हीला दहापैकी मार्क. हरेल ती सोळा तारखेला जाईल, आवारात जागा एकीचीच आहे. मार्क मी देणार. शाळा चौथीत सुटली माझी, पण न्याय कळतो. कोणाची बाजू घेणार नाही.

थोरली: दहा, दहा, दहा.
नवी: अजून चालवली नाही, म्हणून चार, चार, चार.

३ मार्च, मंगळवार
साधेपणा तपासला.

थोरलीला काही शिकावं लागत नाही. दार जरा उचलून ओढायचं. ॲक्सिलरेटर तीनदा दाबायचा, चौथ्यांदा दाबला तर रुसते. किल्ली अर्धी फिरवून दम घ्यायचा. सेल्फ लागला नाही तर सीटखालची हातोडी घेऊन खाली वाकायचं, स्टार्टरला दोन टोले. जोरात नाही, मायेने. तरी नाही झाली तर उतारावरून सोडायची. थांबली की चाकाखाली लाकडाचा ठोकळा, कारण हँडब्रेक शोभेचा आहे. झालं. धाकटीने हे कागदावर उतरवलं तर सतरा कलमं भरली. लिहिताना उगाच हसत होती.

मग नवीत बसले. बटण दाबलं. नाही झाली चालू! मला हसू आलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली. धाकटीने विचारलं काय लिहिलंय. म्हटलं चष्मा घरात राहिला. हे खिडकीतून म्हणाले, चष्मा नाकावर आहे. यांना नको तिथे बरं दिसतं.

ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं होतं. एवढंच. पण मग माणसाने करायचं काय? नुसतं बसायचं? पाहुणे आहोत का आपण?

नवी, साधेपणा: तीन. एक मार्क कापला, कारण आगाऊ आहे.

४ मार्च, बुधवार
आराम.

थोरलीच्या सीटला माझा खळगा पडलाय. दुसरं कोणी बसलं तर त्याची कंबर धरते, माझी नाही. माझी सकाळी धरलेलीच असते. पायाशी पत्रा गेलाय तिथून सुरेख वारा येतो. एसी कशाला? पावसात पाणी येतं, पण ते पायालाच लागतं, वर नाही.

नवीची सीट दाताच्या डॉक्टरची असते तशी. धाकटी चालवत होती, मी बाजूला. मऊ, गार, आवाज नाही. दोन चौक गेले आणि मी तिला गाडीतले दोष सांगायला लागले. जाग आली तेव्हा गाडी वसतिगृहाच्या दारात होती आणि माझी मान धाकटीच्या खांद्यावर. झोप लागते ती गाडी धोक्याची. आराम: चार. वाढवत नाही.

येताना मी पुढे न बसता मागे हौद्यात बसले, पुढच्या सीटवर धुवायच्या कपड्यांचा गठ्ठा ठेवला. गाडी टुंई टुंई करायला लागली. का, तर गठ्ठ्याने पट्टा लावला नाही! मैलभर ओरडत होती. शेवटी धाकटीने गठ्ठ्याला पट्टा लावला तेव्हा गप्प बसली. माणूस कोण आणि गठ्ठा कोण हे जिला कळत नाही, तिच्यावर काय भरवसा ठेवायचा?

६ मार्च, शुक्रवार
आज धाकटीने एक आगाऊ प्रश्न विचारला. नव्या गाडीची संगत.

आई, म्हणाली, आपली सगळी गिऱ्हाइकं उतारावरच कशी?

मी म्हटलं, उतारावरची माणसं स्वभावाने चांगली असतात. वसतिगृह उतारावर. केस कापायचं दुकान उतारावर. दोन्ही खानावळी उतारावर. यात गाडीचा काय संबंध? बरं, थोरली उतारावर लावली की सोडताना सोपं जातं, हे खरं. पण तो योगायोग.

धाकटीने बोटांवर मोजून दाखवलं: स्टेशनजवळचं लॉज सोडलं, शाळेचं काम सोडलं, मोठ्या हॉलचं सोडलं. सगळे सपाटीवर. मी म्हटलं, लॉजवाल्यांचं बोलणं नीट नव्हतं. हे इस्त्री करता करता म्हणाले, तू त्यांच्याशी बोलायलाच गेली नव्हतीस.

नवरा बायकोच्या बाजूने असावा असा कायदा नाही, हे मला मान्य आहे. पण इस्त्रीकडे तरी लक्ष द्यावं. उशीची खोळ जाळली.

८ मार्च, रविवार
उद्यापासून हॉस्पिटलचं काम. चादरी, खोळी, डॉक्टरांचे कोट. आजवरचं सगळ्यात मोठं काम. अट अशी की रोज सकाळी सहाच्या आत धुतलेले गठ्ठे त्यांच्या कोठारात पोचले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात तीन वेळा उशीर झाला तर काम दुसऱ्या लॉन्ड्रीला.

धाकटी म्हणाली, नवी नेऊ. मी म्हटलं, भरवसा तपासायचा तर खऱ्या कामावर तपासावा. थोरली नेणार, मी नेणार. सव्वीस वर्षांत तिने मला कधी वाटेत सोडलं नाही. सोडलं तेव्हा तिथे काहीतरी कामच निघालं होतं.

खरं कारण लिहून ठेवते, कोण वाचतंय. थोरली गेली तर स्टेअरिंग जाईल. नवी मी चालवेन की. न यायला काय झालं? पण गरजच पडणार नाही.

९ मार्च, सोमवार. सकाळ
हॉस्पिटल तव्यासारखं सपाट. अशी जागा बघून दवाखाना कोण बांधतं?

५.४० ला फाटकावर. जिंकलेच होते. वॉचमन म्हणाला, इंजिन बंद करा, वहीत सही करा. मी म्हटलं चालू इंजिनावर सही करते, अक्षर जरा थरथरेल, तेवढंच. नाही म्हणाला. बंद केलं.

हातोडी झाली, माया झाली. मग वॉचमनने आणि दोन वॉर्डबॉयनी ढकललं. ६.१२ ला कोठारात. तिथल्या बाईंचं तोंड आधीच धुवून, कडक इस्त्री करून ठेवलंय. वहीत फुली मारली त्यांनी.

ही फुली वॉचमनची. थोरलीची नाही. भरवसा: दहा.

१० मार्च, मंगळवार
उतार सापडला! अख्ख्या हॉस्पिटलात एकच. ॲम्ब्युलन्स जिथून वर चढते तो. ५.३० ला तिथे लावली, चाकाखाली ठोकळा. मनात म्हटलं, धाकटी असती तर बघितलं असतं तिने आईचं डोकं.

पहिला गठ्ठा आत देऊन आले तर मागे ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर ओरडला, बाई, काढा ते आधी! घाईत ठोकळा ओढला आणि मग गाडीत बसायला गेले. क्रम उलटा झाला. थोरली माझ्याशिवायच निघाली. फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या कुंडीला टेकून उभी राहिली. कोणाला लागलं नाही. किती समजूतदार! नवी असती तर टुंई टुंई करून गाव गोळा केलं असतं.

गठ्ठे हाताने वाहून आणले. ६.०५. दुसरी फुली. पाच मिनिटांवरून कोणी फुली मारतं का?

११ मार्च, बुधवार
थोरली घरीच चालू होईना. थंडी असेल. हे म्हणाले, घाम येतोय मला. प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

धाकटीने वाट बघितली नाही. गठ्ठे नवीत टाकले, गेली, आली. ५.५० ला पोचली. फुली नाही. यात गाडीचं काय कौतुक? रस्ता मोकळा होता.

मिस्त्री आला. सव्वीस वर्षांचा घरोबा. त्याने बॉनेट उघडलं, हात न लावताच मिटलं. म्हणाला, काकू, हिच्यावर मी दुकान थाटलं, दोन बहिणींची लग्नं केली, माझ्या तोंडून हे निघायला नको, पण सोडा आता हिला. कोणी ओढून नेलं तरी टिकायची ताकद नाही राहिली हिच्यात.

मिस्त्रीचं वय झालं. उद्यापासून दुसरा बघायचा.

१२ मार्च, गुरुवार
पहाटे धाकटी धुण्याच्या खोलीत साबणावरून घसरली. डावा घोटा सुजून टम्म. म्हणाली, तरी चालवते मी, नवीला क्लच नाही, डावा पाय लागतच नाही. मी म्हटलं, गप पडून राहा. सव्वीस वर्षं गाडी चालवणारी घरात असताना लंगडीने जायचं? नवीत काय ठेवलंय, पोरांचं खेळणं.

ब्रेकवर पाय, बटण, चालू. एकदम! यांच्याकडे बघितलं. हे काळजीने बघत होते.

नवीचं स्टेअरिंग फार हलकं. थोरलीला वळवायला जेवढा जोर लावते तेवढा लावला तर ही फुटपाथ बघून येते. दोन-तीनदा बघून आली. मग स्क्रीनवर चित्र उमटलं. अक्षरं होती, ती चष्म्यामुळे दिसली नाहीत. चित्र मात्र स्वच्छ होतं: कप. वर वाफ.

पहिल्यांदा ही गाडी माणसासारखं काही बोलली. मला बरं वाटलं. घड्याळ बघितलं, ५.२५. वेळ होता. नव्या गाडीचं इंजिन तापत असेल, थोडं थांबावं लागत असेल, नियम असेल. कडेला टपरी उघडीच होती. उतरले, चहा घेतला. गरम होता, फुंकून प्यायले. परत येऊन बघते तर कप गेलेला. म्हटलं, बघ, ऐकलं की खूश.

थोडं पुढे गेले, पुन्हा कप.

आता गाडीच्या मनाविरुद्ध कसं जायचं? नवीन नातं. मागे त्याच टपरीवर जाऊन दुसरा चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, मावशी, आज फार दमलात वाटतं. म्हटलं, मी नाही, गाडी.

६.२० ला कोठारात. तिसरी फुली.

घरी सांगितलं. धाकटी बिछान्यात उठून बसली. मग म्हणाली, आई, चालवणारा झोकांड्या खायला लागला की ते चित्र येतं. झोप येतेय, थांबा, असं ते म्हणतं. तुला चहा पाज नाही म्हणत.

म्हणजे चूक गाडीचीच. झोप म्हणायचंय तर उशी दाखव, कप काय दाखवतेस?

नवी, भरवसा: शून्य.

संध्याकाळी जेवले नाही. भूक मेली. दोन चहांनी.

१३ मार्च, शुक्रवार
धाकटी घोट्याला फडकं बांधून हॉस्पिटलला गेली. ५.४५ ला पोचली. दोन तासांनी आली. काम राहिलं म्हणाली. आणखी आठवडाभर बघणार आहेत.

मी म्हटलं, बघ, माझी चिकाटी कामाला आली. ती आत गेली.

कोठारातल्या बाईंनी काय अट घातली ते यांनी सांगितलं. आधी पाणी आणून दिलं, तेव्हाच ओळखलं. बाई म्हणाल्या म्हणे, गाडी जुनी आणा, नवी आणा, बैलगाडी आणा. फक्त त्या बाई चालवायला नकोत.

मी म्हटलं, माझ्या वयाचा विचार केला असेल त्यांनी. भल्या आहेत. हे हो म्हणाले. मग इस्त्री न तापवताच खोळीवर फिरवत बसले.

दोन गाड्यांची तुलना होती. माझी कोणी सांगितली होती?

१५ मार्च, रविवार
मार्कांची बेरीज केली. थोरली तीसपैकी तीस. नवी तीसपैकी सात. निकाल स्पष्ट आहे. कोणी विचारला नाही.

१६ मार्च, सोमवार
भंगारवाला दहा वाजता आला. ओढायला जाड दोर आणि दोन माणसं घेऊन. मी सतरा कलमांचा कागद घेऊन उभी राहिले. म्हटलं, बाबा, ही परक्या हाताने चालू व्हायची नाही, आधी नीट ऐक. दार उचलून... एवढ्यात तो आत बसलासुद्धा. किल्ली फिरवली.

पहिल्या फटक्यात चालू.

धूर नाही, खोकला नाही. शाळेची पोरं रांगेत जातात तशी गेली, सपाटीवरून. हातोडी माझ्याच हातात राहिली. थांब म्हणून ओरडले. कोपऱ्यावर वळताना तिने दिवासुद्धा दाखवला. आठ वर्षं तो लागत नव्हता.

हे म्हणाले, सासरी जाताना शहाण्यासारखी गेली. मी हातोडी आत नेऊन ठेवली.

१७ मार्च, मंगळवार
पहाटे ५.१५ ला धाकटी म्हणाली, चल बरोबर, गठ्ठे उतरवायला माणूस हवंच. मी म्हटलं, जागा कुठे आहे, पुढच्या सीटवर गठ्ठा असतो. तिने गठ्ठा उचलून मागे टाकला.

त्याच्या जागी बसले. गाडी टुंई टुंई करायला लागली. धाकटीने गाडी हलवलीच नाही. मी पट्टा लावला. गप्प झाली.

सगळ्या रस्त्यात कप एकदाही आला नाही. मी बघत होते.

आराम: सहा.