भट्टीच्या मीटरवरची टिकली

प्रिय अप्पा,

आज दसरा. फॅक्टरीतली पूजा आटोपून आत्ताच मुरबाडहून शहापूरला घरी आले. बोटाला अजून कुंकू आहे. हात धुवायच्या आधी तुम्हाला बातमी द्यायची आहे. अप्पा, आपण जिंकलो!

आठवतं, मी आठवीत असताना दसऱ्यालाच तुम्ही मला तुमची स्प्रिंगांची भट्टी दाखवायला नेलं होतं? पॅनलवर काट्याचा मीटर, त्याखाली नॉब. मीटरच्या काचेवर तुम्ही कुंकवाची टिकली लावलीत. भट्टीला हवे होते साडेआठशे अंश आणि टिकली आठशेच्या जरा पुढे. मी हसले, "अप्पा, नेम चुकला!" तुम्ही डोळे वटारलेत. "देवाचं हाय ते. हात नको लावू गो."

देवाचं! अहो, खरं सांगायला काय झालं होतं?

पुढे मी आयटीआय केलं, त्याच फॅक्टरीत लागले. शतक बदललं तसं जुनं पॅनल काढून डिजिटल कंट्रोलर बसवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. तुम्ही तेव्हा रिटायर झाला होतात. "तुजा डबा माजं काम पुसून टाकणार," एवढंच म्हणालात आणि बोलणंच टाकलंत. मीही हट्टी, तुमचीच मुलगी. समजूत काढायला माहेरी आले नाही. ते राहूनच गेलं. पॅनल उतरायच्या आधीच तुम्ही गेलात.

डबा बसला. लाल आकडे, झकास! पण भट्टी साडेआठशेला थांबेचना. कंट्रोलर तिथे पोचल्यावर हीटर बंद करायचा, तरी तापलेल्या विटांनी आकडा चढतच राहायचा. जास्त तापलेल्या स्प्रिंगा चाचणीत काडीसारख्या मोडल्या. दोन लॉट वाया गेले. साहेब म्हणाले, "तिसरा गेला तर जुनं पॅनल परत लावा आणि तुम्ही पॅकिंगला जा."

तुमचा मीटर काढलेल्या पॅनलवर धूळ खात होता. परत लावायची वेळ आलीच तर निदान पुसून ठेवावा म्हटलं, तर कुंकवाचा डाग निघेना! दरवर्षीची टिकली, नेमकी एकाच जागी. नेम चुकणारा माणूस दरवर्षी तिथेच कसा चुकेल? मग तुमच्या पाळीत पाहिलेलं आठवलं. काटा टिकलीला टेकला की तुम्ही नॉब मागे घ्यायचात. उरलेलं भट्टी आपल्याच उष्णतेवर चढायची.

कंट्रोलरला मी तेच शिकवलं. तिसऱ्या लॉटला आकडा चढला, टिकलीपाशी मंदावला आणि साडेआठशेवर ठाण मांडून बसला. एकही स्प्रिंग मोडली नाही! तुमच्या पाळीतले काळूमामा ओरडले, "आरं, आप्पाच बसलाय आत!" मी सगळ्यांदेखत रडले. लाज नाही वाटली.

तुमचा मीटर आता कंट्रोलरच्या वरच लावून घेतलाय. आज त्याच डागावर ताजी टिकली लावली.

शब्द देते, या भट्टीवर जो कोणी शिकायला येईल, त्याला टिकलीचं कारण पहिल्याच दिवशी सांगेन. देवाचं आहे म्हणून गप्प बसवणार नाही. माझ्या अप्पांचं आहे, असं सांगेन.

तुमची हट्टी,
नंदा