बाबांनी पुसलेल्या काचा

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घालते आहे, मायक्रोस्कोपवर वाकून वाकून पाठ धरली आहे, तेवढं समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना? इकडे सगळं क्षेम आहे. तुझे बंधुराज तर इतके मजेत आहेत की त्याबद्दलच लिहायला बसले.

बाबांनी चष्म्याचं दुकान विकलं आणि ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पण दुकान विकलं तरी हात कुठे विकले होते? घरातली एकही काच त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही. खिडक्या झाल्या, आरसे झाले, शेजारच्या काकूंचा चष्मा तर त्यांच्या नाकावर असतानाच पुसून झाला (काकू सध्या लेकीकडे गेल्या आहेत, संबंध असेलच असं नाही).

तर गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये संशोधनाला पैसे देणारे पाहुणे यायचे होते. लॅब चालवणाऱ्या आमच्या बाईंचं पुढचं सगळं काम त्या पाहुण्यांच्या होकारावर, आणि बाईंच्या कामावर माझी नोकरी. पाहुण्यांना जिवंत पेशी मोठ्या पडद्यावर दाखवायच्या होत्या. पण नुसत्या काचेवर या पेशींचा पाय ठरत नाही, जरा हललं की निघाल्या तरंगत. म्हणून काचेच्या इवल्या चकत्यांवर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा थर द्यायचा (आपल्या कातडीत असतं तेच), म्हणजे त्याला धरून पेशी ऐसपैस बसतात. थर इतका पातळ की जवळजवळ दिसतच नाही. उजेडात धरली तर काच जराशी अंधुक वाटते, एवढंच. (तुला आलाच असेल अंदाज. मला आला नाही.)

बाबांना घरी एकटं कशाला ठेवायचं, म्हणून सोबत नेलं. चकत्या झाकणाखाली सुकत ठेवून मी शेजारच्या खोलीतून पेशी आणायला गेले. परत आले तर बाबा मांडीवर हात ठेवून गुणी मुलासारखे बसलेले. मी खूश. पेशी चकत्यांवर सोडल्या, आणि दुपारी पाहुणे आले.

पडद्यावर पेशी दिसल्या आणि लगेच निघाल्याही. या कडेने यायच्या, त्या कडेने जायच्या, थांबायचं नाव नाही. बाई हळूच म्हणाल्या, "बसत का नाहीयेत?" मी चकती बदलली. तेच. आणखी एक बदलली. तेच. एवढ्यात मागून बाबा, अगदी मदतीच्या सुरात, "काचांचा दोष नसणार. सकाळी एकेक फुंकर घालून रुमालाने पुसलीय मी. काय कळकट झाल्या होत्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी स्वतःचा चष्मा काढून मुकाट्याने खिशात ठेवला.

"सगळ्या पुसल्या?" मी विचारलं.

"एक सोडून. तिचा डाग काही केल्या जाईना. बाजूला ठेवलीय, टाकून दे."

ती मी कशी जपून उचलली आणि उरलेल्या पेशी तिच्यावर कशा सोडल्या ते माझं मला ठाऊक. बाईंनी पाहुण्यांना चहाला नेलं आणि चहा लांबवायची जबाबदारी बाबांवर सोपवली. ती त्यांनी मनापासून पार पाडली. त्या गृहस्थांच्या कानामागे चष्म्याची दांडी रुतत होती म्हणे, ती बशीतल्या चमच्याच्या टोकाने नीट करून दिली, वर चष्मा नाकावर कसा बसवावा यावर व्याख्यान दिलं. तोवर इकडे त्या डागाळलेल्या चकतीवर पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या. सगळे परत आले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधल्या एका पेशीच्या दोन झाल्या. गृहस्थ म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय." हे पेशींबद्दल की चष्म्याबद्दल, ते विचारायचा धीर मला झाला नाही. होकार मिळाला. घरी येताना बाबा म्हणाले, "बघ, काचा पुसलेल्या असल्या की काम होतं." मी हो म्हटलं. आत्या, त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं.

तुझी भाची

ता.क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. बाबांना महिनाभर तुझ्याकडे बोलावून घे. तुला करमत नाही, सोबत हवी आहे, असं काहीही सांग. मी सुचवलं म्हणून सांगू नकोस.

दुसरा ता.क. पाकीट बंद करत होते तर बाबा सांगत आले की त्यांनी परवाच फोन करून तुला कायमचं इकडे राहायला बोलावलंय आणि तू हो म्हणालीस. तुझा पलंग माझ्या खोलीत येऊनही पडला आहे. तेव्हा वरचा ता.क. वाचला नाहीस असं समज. फक्त तू घोरतेस का, तेवढं निघायच्या आधी कळव.