वर वळलेली चोच

बाईसाहेब,

फोन तीनदा केला, उचलला नाहीस. कालच्या प्रकारानंतर उचलावास असं मी म्हणणारही नाही. म्हणून धापा टाकत घरी आलो, तर तू दवाखान्यात ड्यूटीवर गेलेली.

अगं, तुझा पक्षी आलाय! पुलाजवळच्या चिखलात, काळापांढरा, निळसर पायांचा, आणि चोच खरंच वर वळलेली. झाडू मारावा तशी ती डावी-उजवी फिरवत मजेत चरतोय. सहा वर्षांपूर्वी तू तो इथे पाहिल्याचं सांगितलंस, तेव्हापासून मी ऐकवत आलो, की हा आपल्याकडे येतच नाही, तू दुर्बीण उलटी धरली असशील. काल तर ताईकडे सगळ्यांसमोर बोललो आणि वर हसलोही. गाढव आहे मी.

त्याच्यावर नजर ठेवायला परत पळतोय. दोनला सुटशील. चारपर्यंत भरतीचं पाणी चढेल आणि तो उडेल, म्हणून चपलाही न काढता तशीच ये. थर्मास मी नेलाय. भांडी तशीच पडलीत, आल्यावर घासतो.

दोघांनी पाहिल्याशिवाय आपल्या पक्ष्यांच्या वहीत नोंद नाही, हा नियम माझाच. तो आज मोडला. टेबलावर वही उघडी ठेवलीय, बघ. पक्षी लिहिलाय, तारीख सहा वर्षांपूर्वीची घातलीय, आणि पाहणाऱ्याच्या रकान्यात एकट्या तुझं नाव.